नकाशाखालची भिंत

बातमी तेलुगूत आली. "सार पोयारु," म्हणजे सर गेले, असं सुखदेवचा घरमालक फोनवर म्हणाला, आणि मी वेड्यासारखा "कुठं गेले?" असं विचारून बसलो. त्याला आता सव्वा महिना झाला. आदिलाबादच्या शाळेत आम्ही दोघं बावीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की गुण सांगायचे असतात. मला एक चूक सांगायची आहे, आणि तिच्यात मीही भागीदार आहे.

सुखदेवची एकुलती एक मुलगी सुजाता पाचव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली. तेव्हापासून हा माणूस मेंदूच्या मागे लागला. आठवण राहते तरी कुठं, एवढा एकच त्याचा प्रश्न. वर्गात हा विषय निघाला की धडा बाजूला राहायचा. जुन्या ग्रीकांना वाटे, आठवण म्हणजे मेणावर उठलेला शिक्का. पुढं एका शास्त्रज्ञानं उंदरांच्या मेंदूचे तुकडे काढून काढून पाहिले, पण आठवणीची अशी एक जागा काही सापडली नाही. आणखी कुणी शिकवलेले किडे कापून दुसऱ्या किड्यांना खाऊ घातले, शिक्षण पोटातून उतरतं का ते बघायला! "मंग आमी तुमालेच खाऊन टाकतो सर, पेपर सोपा जाईन," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं सुखदेवच हसला होता.

त्याला मनापासून पटला तो वाटांचा सिद्धांत. पेशीपेशींमध्ये वाटा असतात, वापरल्या की पक्क्या होतात. भीमपूरकडच्या शेतमजुराचा मुलगा तो, त्याला हे लगेच कळलं. "ज्या पांदनीनं गाडी जात नाही, थे गवतात बुजते," तो म्हणायचा. म्हणून रोज संध्याकाळी जेवताना तो आणि कौसल्यावहिनी सुजाताची एकेक आठवण सांगत. दाराशेजारच्या भिंतीवर तिची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यांना हात लावल्याशिवाय तो शाळेत निघत नसे. वर्षानुवर्षं हे चाललं. दुःख होतंच, पण घरात लेकरू असल्यासारखं वाटायचं.

मग मी नागपूरहून एक विज्ञानाचा अंक आणला. मोठ्या हौसेनं आणला, सुखदेवला आवडेल म्हणून... त्यात उंदरांवरच्या प्रयोगांतलं नवीनच काही छापलं होतं. आठवण काढली की ती सैल होते, मेंदू ती पुन्हा बसवतो, आणि बसवताना ती बदलू शकते. सुखदेवनं तो लेख माझ्यासमोर तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेच्या अडगळीतला आंध्र प्रदेशचा कापडी नकाशा घरी नेला आणि त्या खुणांवर ठोकला.

"आता तिचं नाव काढू नोका घरात," तो वहिनींना म्हणाला. "काढलं का बदलते थे."

"आन् नाव नाही काढलं तं राह्यते कशी?" वहिनींनी विचारलं.

मी तिथंच बसलो होतो. अरे बाबा, उंदरांवरचं सगळं जसंच्या तसं आपल्या घराला लावायचं नसतं, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण अंक मी आणला होता ना, मला त्याचाच तोरा.

त्यानंतर वहिनी बाजाराच्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन आमच्याकडे येत आणि आमच्या हिच्याजवळ, माझ्याजवळ सुजाताबद्दल बोलत. एक गोष्ट त्या हमखास सांगत. बाप शाळेतून आला की सुजाता धावत जाऊन दाराची कडी काढायची, दुसऱ्या कुणाला काढू द्यायची नाही. ऐकून ऐकून आम्हालाही ती दिसायला लागली. वहिनी आजारी पडल्या तेव्हा शेवटी शेवटी त्या सुखदेवला एवढंच म्हणत, "एकडाव तिचं नाव घ्या." त्यानं त्यांचा हात घट्ट धरला, पण नाव घेतलं नाही. वहिनी तशाच गेल्या. याबद्दल मी त्याला माफ करू शकलेलो नाही, आणि स्वतःलाही नाही.

आमची शेवटची भेट माझ्याच घरी झाली. समोरचा चहा त्यानं बाजूला सारला.

"तुई वहिनी गेल्यावर आठवून पाह्यलं रे," तो म्हणाला. "चेहराच येऊन नाही राह्यला. इतकी जपली मी... सांग ना, कशी होती माई पोरगी?"

मी त्याला कडीची गोष्ट सांगितली. त्यानं मान खाली घालून ऐकली, शेजाऱ्याच्या मुलीबद्दल ऐकावी तशी.

"हो का?" तो म्हणाला. "चांगली होती मनाव पोर."

गेल्या आठवड्यात घर रिकामं करायला गेलो. भिंतीवर नकाशा तसाच होता. त्याची खालची कड मी उचलली. पेन्सिलीच्या खुणा काल काढल्यासारख्या स्वच्छ होत्या, शेजारी सुखदेवच्या वळणदार अक्षरात महिने लिहिलेले. सगळ्यात वरची खूण माझ्या कमरेशी आली. मग मी दाराकडे पाहिलं. कडी एकच, पार चौकटीच्या माथ्याशी. मी स्वतः ती शेकडो वेळा काढली आहे, टाचा उचलून.

वहिनी सुरुवातीला नुसतंच "धावत जाये" म्हणाल्या होत्या का? आठवत नाही. सुखदेवनं शेवटी मुलगी मागितली, आणि मी त्याला दुसरीच कुणीतरी दिली.

घरमालक बाहेरून हाक मारत होता, सोमवारपासून चुना मारायचा आहे, नकाशा घेऊन जा म्हणून. मी कड सोडून दिली, टाचा उचलून कडी सरळ केली आणि नकाशा तिथंच ठेवून बाहेर आलो.