वर राहिलेलं बूच

आमच्या गावाबाहेरच्या मैदानावर गोल्फची मोठी स्पर्धा तीन वर्षं भरली. खेळावरच पोट असलेले खेळाडू लांबलांबून यायचे. मग स्पर्धेला पैसा पुरवणाऱ्या पंख्यांच्या कंपनीने हात आखडता घेतला, आणि चौथा उन्हाळा आला तसा गेला. मागे राहिला तो एक विनोद. कुणाच्या हातून कप निसटला की आजही विचारतात, "झाला का तुझा कापऱ्या?"

कापऱ्या म्हणजे आमच्याच गावचा खेळाडू. तिसऱ्या वर्षी, शेवटच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता. चेंडू भोकापासून दोन हातांवर. त्याने हलकेच टोलवला. चेंडू सरळ निघाला, मध्येच अंग चोरून वळला आणि कडेने निघून गेला. पेपरात आलं, दडपणाने हात कापला, आणि गावाने नाव पाडलं कापऱ्या. तो एवढंच म्हणाला, "माझंच चुकलं." पुढे तो गाव सोडून गेला.

पण ही गोष्ट मैदानाच्या माळीबुवांची आहे.

रोज पहाटे हिरवळीवर नव्या जागी भोक पाडायचं आणि निघालेलं मातीगवताचं बूच कालच्या भोकात बसवायचं, हे त्यांचं काम. बूच नीट बसलं का, हे ते डोळ्यांनी बघत नसत. जोडे काढून अनवाणी तळवा फिरवत. दवाने भिजलेलं गवत पायाशी बोलायचं, इथे उंच आहे, इथे खोल आहे. त्या दिवशी मात्र कंपनीचे नवे बूट पायात होते आणि कॅमेरेवाले समोर उभे होते. बूट नवे, मोजे जुने. बूट काढले असते तर फाटक्या मोज्यातला अंगठा साऱ्या जगाला दिसला असता. माळीबुवांनी बुटानेच बूच दाबलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

दुपारी चेंडू वळला तो नेमका तिथे.

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर त्यांनी अनवाणी पाय टेकवला. बूच नखभर वर होतं. त्यांनी ते टाचेने दाबून सपाट केलं आणि घरी गेले.

मग वर्षं गेली. लोक त्या विनोदावर हसत, तेव्हा माळीबुवाही ओठ हलवत. एकदा जेवताना सुनेच्या हातून तांब्या कलंडला. पाणी पुसत ती हसून म्हणाली, "बाबा, मीपण कापरीच की." माळीबुवांनी हातातला घास परत ठेवला. विनोद त्यांच्या ताटापर्यंत आला होता.

सकाळी ते न्हाव्याच्या दुकानात गेले. न्हावी गिऱ्हाइकाला सांगत होता, "मान हलवू नका शेठ, नाहीतर माझा कापऱ्या होईल."

"त्याचा हात कापला नव्हता," माळीबुवा दारातूनच म्हणाले. "माझं बूच वर राहिलं होतं. बुटाच्या तोऱ्यात मी पाय लावून बघितलं नाही."

वस्तरा थांबला. बाकावरचा पोस्टमन म्हणाला, "हे आज सांगताय?"

"त्याच संध्याकाळी मीच दाबून टाकलं. कुणाला कळू नये म्हणून."

न्हाव्याने मान हलवली. "माळीबुवा, तुम्ही देवमाणूस. गावच्या पोराची लाज स्वतःच्या अंगावर घेताय."

"अरे बाबा, खरं सांगतोय."

"तुम्ही असंच म्हणणार. आम्ही काय तुम्हाला आज ओळखतो? शेठ, जरा बाकावर सरका. बुवा, बसा, आज दाढी माझ्याकडून."

अर्ध्या गालाला फेस घेऊन गिऱ्हाईक उठलं. माळीबुवांना बसावं लागलं. वस्तरा गळ्यावर आल्यावर बोलायची सोय राहिली नाही. बाहेर पोस्टमन येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, केवढं मोठं मन.

दुपारपर्यंत गावात माळीबुवांचं नाव आणखी मोठं झालं. कापऱ्या कापऱ्याच राहिला. त्या दिवसापासून माळीबुवा घरीच दाढी करू लागले, आरसा न घेता.