चाकांवरची झाकणं

सरकारी इन्स्पेक्टरला स्टेशनावरून आणणारी गिरणीची बग्गी येताना हमखास तळ्याला वळसा घालायची. साहेबाला तळं दाखवायचं, हे निमित्त. तेवढ्या वेळात आमच्या सूत गुंडाळायच्या खात्यात यंत्रांच्या दातेरी चाकांवर लोखंडी झाकणं चढायची. एरवी ती गोदामात धूळ खात पडलेली असायची, आणि साहेब गेला की पुन्हा तिथंच जायची.

झाकण असलं की चाकात अडकलेला कापूस काढायला यंत्र थांबवावं लागे, आणि आम्हा बायकांची मजुरी सुतावर. म्हणून आम्हालाही ती नकोच असत. माझ्या जावेची दोन बोटं त्याच चाकात गेली, तरी नकोच. ती घरी बसली. तिच्या वाटच्या भाकऱ्या मी थापायची आणि तिच्या नशिबाला बोल लावायची.

मग नवा मॅनेजर आला. अबोल, खडूस माणूस. त्यानं बग्गी सरळ रस्त्यानं आणायला सांगितली आणि झाकणं कायमची बसवली. कापूस काढायला सगळी यंत्रं एकदम थांबवायची वेळ ठरवली, त्या वेळची मजुरीही धरली. मालक खात्यातच येऊन चिडला. इन्स्पेक्टर काय रोज येतो का, म्हणाला.

"बायका रोज येतात, शेठ," मॅनेजर आवाज न चढवता म्हणाला. मी शेजारीच उभी होते. आपल्यालाही कुणीतरी जमेस धरतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि फार बरं वाटलं.

पुढं मालकानं त्याला घालवलंच. त्याच्या जागी आलेल्यानं पहिल्याच सकाळी झाकणं उतरवली आणि थांबायची वेळही बंद केली. भोंगा झाला, पट्टे फिरू लागले. उघडी चाकं बघून मला जावेचा पंजा आठवला. मी यंत्र सुरू न करता खाली बसले. शेजारची बसली, मग ओळच्या ओळ बसली. मुकादम धावत आला, कामावरून काढून टाकतील म्हणाला.

"काढू द्या की," मी म्हटलं. "झाकनं लावा, मग चालू करतो. आमाला आदल्या म्यानेजर सायबानं तसंच शिकवलंय."

दुपारपर्यंत खातं गप्प होतं. शेवटी गोदामाचं दार उघडलं आणि माणसं झाकणं घेऊन आली.

घरी भाकऱ्या थापायला बसताना जावेला सगळं सांगितलं. उरल्या बोटांनी तिनं माझ्यापुढची परात ओढून घेतली.

"आज मी थापते," ती म्हणाली. "वाकडी झाली तरी खायची."