राखेच्या पाण्याची साफसफाई

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वारासिवनी रस्त्यावरच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, राख मागच्या खड्ड्यात पडायची आणि तिच्यातून झिरपलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं. तलाव एका म्हाताऱ्या शिंगाडेवाल्याने ठेक्याने घेतलेला. दोन वर्षं त्याचे वेल करपले, तेव्हा मी मालकाच्या मागे हात धुऊन लागलो.

उतारावर खडी-मातीचे उथळ वाफे केले, त्यात नाल्यातलं उंच पाणगवत लावलं. पाणी त्यातून रेंगाळत जायचं, राखेतलं विष खाली चिखलात बसायचं. मोटार नाही, वीज नाही. म्हणूनच मालकाचा विश्वास बसेना. मशीन घरघरत नसेल तर ते काम कसलं! पण तीन वर्षांत पाणी सुधारलं. वाफ्यांतलं पाणी तलावात सोडणारी तोंडाची फळी म्हातारा मला विचारूनच उघडायचा. पुन्हा वेल लावले त्याने.

मग भोपाळहून प्रदूषण खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे आधी झाडू निघतो, मग चुना. मी नेमका जबलपूरला पाण्याचे नमुने द्यायला गेलतो. परत येऊन पाहतो तर काय! मॅनेजरने ते 'जंगल' मुळासकट उपटलेलं, चिखल फावड्याने खरवडलेला, खडी धुतलेली. वर झेंडूच्या कुंड्या. वा रे वा! तीन वर्षं खाली बसलेलं विष एका दुपारात ढवळून वर.

"काहून उपटलं जी?" मी ओरडलो.

"मंग साहेबाले गवत दाखवू का?"

साहेब खूश झाले. "कितना साफ-सुथरा है!" म्हणाले, आणि हार चक्क माझ्या गळ्यात. धन्य ते शास्त्र, धन्य मी.

तेवढ्यात म्हातारा आला. "बाबूजी, तलावात पानी कमी झालं. फळी उघडू का?"

मॅनेजर माझ्याकडे पाहत होता. साहेब हसत होते. सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "हौ बाबा, उघडा."

वेल या वेळी करपले नाहीत, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. हंगामात म्हाताऱ्याने घरी टोपलीभर शिंगाडे पाठवले. बायकोने उकडले. मुलांनी हात घातला तशी मी टोपली हिसकावली आणि उकिरड्यावर रिकामी केली. बाकीचे शिंगाडे तोवर वारासिवनीच्या बाजारात विकून झाले होते.