अध्यक्ष, अमेरिका आणि टोपलीभर भेंड्या

आमच्या मामाजींनी जन्मात कधी नाटक पाहिलं नाही, आणि त्याला कारण अब्राहम लिंकन. मामाजी म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन अमरावतीहून अकोल्याला आले त्याच महिन्यात गावात एक नाटक कंपनी उतरली. ह्यांनी भीत भीत विषय काढला. मामाजींनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "लिंकन कोठी मेला, मालूम हाय काय?" हे माझ्याकडे बघायला लागले. "नाटक पाह्यताना मेला. मांगून येऊन गोयी घातली त्याले. येवढा शायना मानूस, घरी बसला असता तं वाचला असता." झालं, विषय संपला. मला वाटलं, हे लिंकन म्हणजे पातूरकडचे कोणी नातेवाईक असतील. मी मागाहून ह्यांना हळूच विचारलंसुद्धा, की आपल्याला सुतक आहे का?

ही अमेरिका त्यांच्या मागे लागली ती वांग्यांमुळे. तरुणपणी ते मिशनच्या बंगल्यावर भाजी पोचवायचे. तिथले म्हातारे अमेरिकन साहेब स्वतः वांगी निवडून घ्यायचे आणि निवडता निवडता मोडक्यातोडक्या मराठीत आपल्या देशाच्या गोष्टी सांगायचे. साहेबांचा धर्म काही मामाजींना चिकटला नाही, पण साहेबांचा देश चिकटला तो कायमचा. मायदेशी परतताना त्यांनी मामाजींना एक हात तुटलेली लाकडी खुर्ची दिली आणि मुलांसाठी मराठीत छापलेलं एक पातळसं पुस्तक दिलं. त्याची पहिली पानं उंदरांनी खाल्ली, त्यामुळे कोलंबस आमच्या घरी कधी पोचलाच नाही. आमची अमेरिका एकदम इंग्रजाच्या करापायी समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्यांपासून सुरू व्हायची.

त्या पेट्यांपायी आमच्या घरात चहा नव्हता. पाहुणा आला की ताक. कोणी चहाचं नाव काढलं की मामाजी म्हणायचे, "ज्या पाल्यापायी येवढं मोठं राज्य गेलं, तो पाला माह्या घरात नाई पायजे." अहो, राज्य इंग्रजाचं गेलं होतं, आपल्या बापाचं काय गेलं? पण हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी आपली शेजारणीकडे जाऊन कपभर पिऊन यायची आणि वेलदोडा चघळत घरात शिरायची. त्यांना वास यायचा. ते फक्त "हं" म्हणायचे.

मंडईत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. ते 'अध्यक्ष'. भाजी, फळं, फुलं विकणाऱ्या सगळ्या माळी मंडळींचे पंच. पहाटे मोर्णा नदीकाठच्या मळ्यातला माल मंडईत न्यायचा, घरच्यांच्या हवाली करायचा, आणि आपण कडुलिंबाखाली साहेबांच्या त्या एकहाती खुर्चीत बसायचं. कोणाची टोपली कोणाच्या जागेत सरकली, कोणी कोणाचं गिऱ्हाईक ओढलं, सगळे तंटे तिथं यायचे. मामाजी दोन्ही बाजू ऐकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता अथी लिंकन असता, तं त्यानं काय केलं असतं?" मेथीच्या जुड्यांबद्दल लिंकननं काय केलं असतं ते देवाला ठाऊक. पण एक खरं, की सख्ख्या भावाविरुद्ध निकाल द्यायची वेळ आली तेव्हाही त्यांची जीभ अडखळली नाही. म्हणून लोक त्यांचा लिंकनही ऐकून घ्यायचे.

त्यांना न घाबरणारं माणूस अख्ख्या मंडईत एकच, मिरच्या विकणारी पारबताबाई. एकदा बाजाराच्या ठेकेदारानं बसण्याची पट्टी वाढवली. मामाजींना ताबडतोब अमेरिका आठवली. खुर्चीवर उभं राहून ते गरजले, "त्याईनं चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. आपून आपल्या टोपल्या मोर्णेत फेकू! मंग पाहा ठेकेदाराचे डोये कसे उघडतेत ते!" दोनचार बाया खरंच टोपल्या उचलून उभ्या राहिल्या. तेवढ्यात पारबताबाई बसल्या जागेवरून ओरडली, "काहून फेकाव? तुमीच सांगतलं व्हतं नं, का त्याईनं चहा दुसऱ्याचा फेकला? माह्या मिरच्या माह्या हायेत. मी नाई फेकत!" सगळी मंडई खो खो हसली. मामाजी खुर्चीवरून खाली उतरले.

घरी येऊन त्यांनी माझ्याकडून ते पान वाचून घेतलं. चहा दुसऱ्याचाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर मंडईत सांगितलं, "पारबता बरोबर हाय. मीच चुकलो." आणि ठेकेदाराशी बोलणी करायला तिलाच पाठवलं. दुपारच्या आत ठेकेदार हात जोडून मोकळा झाला. पारबताबाईच्या तोंडाला लागण्यापेक्षा जुनी पट्टी परवडली, असं तो म्हणाला म्हणे.

लिंकनवर मामाजींचं प्रेम होतं, पण भक्ती वॉशिंग्टनवर. एक तर तो शेतीवाला माणूस. दुसरं म्हणजे त्याचेही दात पडलेले. मामाजींच्या बोळक्या तोंडाला कोणी हसलं की उत्तर तयार असायचं, "वाशिंटनलेही नव्हते. राज्य चालवाले दात नाई लागत." आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो उठला. दोनदा अध्यक्ष झाला, लोक 'बसा, बसा' म्हणत होते तरी आपणहून उठला आणि आपल्या शेतावर गेला. "बसनं कोनालेही येते, सुनबाई," मामाजी म्हणायचे, "उठनं शिकाव लागते."

त्यांच्या आधीचे पंच तीस वर्षं जागेवर होते आणि शेवटी शेवटी डुलक्या घेत निकाल द्यायचे. ते गेल्यावर मामाजींनी नियम घातला. अमेरिकेसारखं दर चार वर्षांनी, दिवाळीनंतर मत पडेल, आणि कोणीही दोनदाच बसेल. मत म्हणजे भाजी. ओल्या पोत्यानं झाकलेली टोपली ठेवायची, प्रत्येकानं पोत्याखाली हात घालून आपल्या माणसाची भाजी सोडायची. मामाजींची खूण भेंडी, विरोधातल्या सोनाजीची वांगं. दोन्ही वेळा भेंडी जिंकली आणि सगळी मतं धर्मशाळेत शिजली. वांगं मुठीत लपत नाही, म्हणून लोक लाजले आणि आपण हरलो, असं सोनाजी कितीतरी वर्षं सांगायचा.

गंमत अशी, की मामाजी पहिल्यांदा बसले त्याच साली तिकडे रूझवेल्ट बसले. चार वर्षांनी दोघंही पुन्हा निवडून आले. तेव्हापासून मामाजी त्यांना 'माहा जोडीदार' म्हणायचे. मामाजींची नजर अधू झालेली, म्हणून वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची. अमरावतीचं साप्ताहिक दुपारच्या गाडीनं यायचं, मूर्तिजापूरलाच कोणी ढापलं नाही तर. आधी जोडीदाराची खबर, मग बाकीचं जग. खबर नसली तर मी दोन ओळी मनाच्या घालायची. जोडीदार बरा आहे, जेवतो-खातो. तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं.

दुसऱ्या मुदतीचं शेवटचं वर्ष लागलं तसे मामाजी गप्प होत गेले. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर म्हणजे त्यांना फक्त झोपायची जागा. जगणं म्हणजे ती खुर्ची. आणि आता त्यांच्याच नियमानं ती सोडायची होती. मळ्यातून परतताना ते वाट वाकडी करून मंडईत जायचे आणि रिकाम्या खुर्चीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायचे. मी दोनदा पाहिलं. त्यांना उठायचं नव्हतं. उठायचं नाही याची त्यांना लाज वाटत होती, आणि मला त्यांची फार कीव यायची.

श्रावणात पेपर आला. जगात लढाई पेटलेली. मी वाचलं, की रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे राहणार.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"सावकाश वाच. घाई कायची हाय तुले?"

तिसऱ्यांदा वाचलं. मामाजी कडाडले, "बेइमान! वाशिंटन काय म्हनन त्याले?" मी म्हटलं, "मामाजी, वॉशिंग्टन आता काही म्हणायला येत नाही." इथं थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं. मी पुढे म्हटलं, "आता खुद्द अमेरिकेनंच वाट मोकळी केली. तुम्हीही बसा की तिसऱ्यांदा." खोटं कशाला सांगू, त्यात माझाही स्वार्थ होता. मामाजी दिवसभर घरात बसले, तर फोडणी कशी घालावी इथपासून लिंकन माझ्या चुलीपाशी येऊन बसणार, हे मला दिसत होतं.

मामाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, "सुनबाई, तू बोलली ते वाईट नाई. ते माह्या मनात तुह्या आधी आलं व्हतं, ते वाईट."

दिवाळी झाली. जोडीदार तिकडे निवडूनही आला. पुढच्याच आठवड्यात मंडईत मत पडलं. उभे दोघं. सोनाजीचं वांगं आणि पारबताबाईची मिरची; ती खूण कोणाला सुचवावी लागली नाही. मामाजी टोपलीपाशी राखण करत उभे. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी पोतं उचललं. टोपलीत भेंड्याच भेंड्या! वर चार वांगी, ती सोनाजीच्या घरची. मिरची एकही नाही.

"मीच सांगतलं सगळ्याईले," पारबताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमी उठले तं मी भांडू कोनाशी? बसा गपचूप. तुमचा तो अमेरिकेवाला बसलाच नं?"

मंडई ओरडायला लागली, "बसा, अध्यक्ष, बसा!" मामाजींनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. मी जवळच होते. दुसऱ्या हातानं त्यांनी टोपलीतली एक भेंडी उचलली आणि सवयीनं तिचं टोक मोडून पाहिलं. कोवळी होती. मला वाटलं, बसले! मनातल्या मनात मी देवाला नारळसुद्धा बोलले.

"त्याच्या दाराशी लढाई येऊन राहिली, पारबते," मामाजी म्हणाले. "तो काहून बसला ते त्याचं तो पाहीन. माह्या दाराशी काय हाय? वांगे." त्यांनी टोपली जमिनीवर उपडी केली. "भेंड्या बाद. मत पुन्हा टाका."

पुन्हा टाकलं. मिरची जिंकली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला पुस्तक काढायला लावलं. वॉशिंग्टन घरी जातो ते पान. मी वाचलं, तो आपल्या शेतावर परत गेला.

"मंग?"

"मग धडा संपला, मामाजी."

"दुसऱ्या दिवशी सकायी उठून काय केलं त्यानं?"

"ते नाही लिहिलेलं."

मामाजींनी पुस्तक माझ्या हातून घेऊन डोळ्यांपाशी नेलं, जसं काही त्यांना अक्षर दिसत होतं. मग म्हणाले, "थेच तं लिवाले पायजे व्हतं." मला रडू आवरेना. मी चूल फुंकायच्या निमित्तानं आत गेले आणि पेटलेली चूल फुंकत बसले.

सकाळी ते नेहमीच्या वेळेला उठले, आपली टोपली घेतली आणि मंडईत सगळ्यांच्या रांगेत खाली बसले. पारबताबाईपुढे पहिलाच तंटा आला तो त्यांचा. त्यांची टोपली फुलवाल्याच्या जागेत वीतभर गेली होती. पारबताबाईनं वर बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "अध्यक्ष व्हते म्हनून काय झालं? टोपली मांगं घ्या." मामाजींनी मागे घेतली. घरी आले ते हसतच. "जमते तिले," म्हणाले, "लिंकनचं नावही नाई घ्या लागलं." त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. आणि हो, फोडणी कशी घालावी ते सांगायला चुलीपाशी आलेच.

पुढे जोडीदार चौथ्यांदाही बसला, आणि खुर्चीतच गेला. ती बातमी मी फार अडखळत वाचली. इतकी वर्षं ज्याला बेइमान म्हटलं, त्याच्यासाठी मामाजी उठून विहिरीवर गेले आणि डोक्यावरून आंघोळ करून आले. जेवले नाहीत. लिंकनचं नाही, पण रूझवेल्टचं सुतक आमच्या घरी पाळलं गेलं. "लोकाईनं त्याले उठूच नाई देलं," ते म्हणाले. "घरचं एखादं मानूस पायजे, बस म्हनाच्या ठिकानी ऊठ म्हननारं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास मामाजी गेले. मळ्यात, भेंडीच्या वाफ्याच्या कडेला बसल्या बसल्या गेले. मंडई बंद राहिली. फुलवाल्यांनी त्यांना फुलांनी पार झाकून टाकलं, फक्त तोंड दिसत होतं, तेही बोळकं. सगळ्यात शेवटी पारबताबाई आली. रडत नव्हती, भांडायला यावं तशी तरातरा आली. लोकांनी वाट दिली. तिनं ओटीतून एक भेंडी काढली, टोक मोडून पाहिलं आणि त्यांच्या छातीवर ठेवली.

"घ्या अध्यक्ष," ती म्हणाली. "आता म्हना बाद."