पुरीची जुनी घरं आणि एक ओली साडी

ह्यांचा ड्युटीचा खाकी शर्ट उलटा करून तारेवर टाकला, की माझी निम्मी सकाळ झालेली असे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरसमोर ती तार ह्यांनीच ताणून बांधली होती. शर्ट वाळत दिसला की साहेब घरी आहेत, हे शेजाऱ्यांना कळायचं.

ते गेल्यावर मी रिसालीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले. तार गुंडाळून सोबत आणली. पण इथे पुढच्या बाल्कनीत कपडे वाळवायला मनाई. बिल्डिंगचा लूक बिघडतो म्हणे! तार पलंगाखाली गेली.

जवळच दुर्गला राहणाऱ्या माझ्या नणंदेने, शोभाने, हट्ट धरला. "वहिनी, कावून घरातच बसून राहिल्या? चाला पुरीले, समुद्र पाहून येऊ." पावर हाउस स्टेशनवर संध्याकाळी गाडीत बसलो, सकाळी पुरी. जेवणाचा डबा घरचाच न्या.

पहिला दिवस दर्शनात गेला. दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या जुन्या वस्तीत गेलो. ऊन चढायच्या आत जा, ऑटोचं भाडं आधी ठरवा आणि आत पायीच फिरा. कोलकात्याच्या लोकांनी हवापालटासाठी बांधलेली ही घरं. खांबांचे व्हरांडे, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला गिलावा. मालक क्वचित येतात. राखणदारांची कुटुंबं झाडलोट करतात, म्हणून घरं उभी आहेत.

अशाच एका व्हरांड्यात राखणदाराची बायको साडी वाळत घालत होती. पर्यटकांना घेऊन आलेला गाईड तिच्यावर ओरडला, "ये सब हटाओ, फोटो में गंदा दिखता है." तिने ओली साडी ओढून काढली आणि स्वतःही भिंतीआड झाली.

माझं डोकंच फिरलं. "घर में आदमी रहता है, तो कपड़ा तो सूखेगा ना?"

"माताजी, दो मिनट की बात है."

"दो मिनट भी क्यों?"

शोभा पदर ओढू लागली. "वहिनी, जाऊ द्या ना. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. मले काय कोणाची चोरी हाय?"

मी साडीचं एक टोक धरलं, बाईने दुसरं. दोघींनी ती पुन्हा तारेवर टाकली. गाईड कुरकुरत पुढच्या घराकडे गेला. बाई हसली. "दीदी, आपके यहाँ कोई मना नहीं करता?"

मी वाऱ्याने गोळा झालेली साडी तारेवर सरळ केली.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, समुद्र कसा होता? चांगला होता, म्हटलं. पण माझ्या डोळ्यांसमोर भिंतीआड उभी राहिलेली ती बाईच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाखालची तार काढली, पुढच्या बाल्कनीत ताणून बांधली आणि माझी साडी वाळत घातली.