धाकटीचा घाट

माझी धाकटी जाऊ कधी कोणाला बोलवायला जात नाही. बाया आपणहून तिच्या अंगणात येऊन बसतात. मी गावच्या महिला ग्रामसंघाची अध्यक्ष, पण माझ्या सभेला दारोदार फिरून बाया गोळा कराव्या लागतात. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मला हे सलतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात महिला ग्रामसभा होती. आलेल्या निधीतून तलावावर कपडे धुवायला घाट बांधायचा, की पुरुषांच्या म्हणण्याप्रमाणे गावाच्या तोंडाशी कमान उभारायची, एवढाच प्रश्न. बायांनी त्या दिवशी घाटाचा ठराव केला नसता तर कमान ठरलेलीच होती. मी तयारी चोख केली. दवंडी, सतरंज्या, भोंगा, पाण्याचे माठ. वेळ दुपारी दोनची. अडीच वाजले तरी ग्रामपंचायतीत फक्त ग्रामसेवक, मी आणि अंगणवाडीची मदतनीस.

"बाया कुठं गेल्या?" मी मदतनीसबाईला विचारलं.

"तुमच्या धाकटीच्या अंगणात. पुडे बांधून राहिल्या."

तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांचे दिवस होते. पहाटे जंगलातून तोडून आणलेली पानं दुपारी पुडे करून बांधायची आणि संध्याकाळी फडावर, खरेदीच्या जागी, द्यायची. दरवर्षी डोळ्यांसमोर चालणारं हे काम वेळ ठरवताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी तिकडे गेले. मांडवाखाली साऱ्याजणी, पुढ्यात पानांचे ढीग, मधोमध ती. बोलणं घाटाचंच चाललं होतं.

"कमान कायले पायजे?" एक म्हातारी म्हणत होती. "कमानीवर का लुगडं धुवाचं हाय?"

माझ्या सभेत ही म्हातारी कधी तोंड उघडत नाही.

"या बाई," जाऊ मला म्हणाली. "तुमची सभा इथंच आणा ना. हात गुंतले हायेत, तोंडं मोकळी हायेत."

"सभा कार्यालयात असते."

"मंग कार्यालयालेच पुडे बांधाले लावा," म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. जाऊही हसली.

तसंच परत फिरावंसं वाटलं. पण मग कमान झाली असती. मी स्कूटीवर ग्रामसेवकाला रजिस्टरसकट घेऊन आले. ठराव मांडवाखाली झाला. हात वर करताना बायांनी हातातली पानंही खाली ठेवली नाहीत. मीही पुडे बांधायला बसले. माझा पुडा सैल झाला. जावेनं तो उचलला, सोडला, आवळून बांधला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

नंतर पंचायत समितीच्या चकरा, मोजमाप, सिमेंटवरून कंत्राटदाराशी भांडण, सगळं मी केलं. घाट झाला. बाया त्याला 'धाकटीचा घाट' म्हणतात.

"अवो, माहा नाही, बाईचा हाय तो," जाऊ प्रत्येकीला सांगते. "सारी धावपळ त्यायनंच केली." तिनं असं सांगितलं की मला आणखीच झोंबतं.

ती धुणं घेऊन आली की बाया सरकून तिला जागा देतात. मला पायरी धरायला उजाडताच जावं लागतं.