मुकी गिटार

आमची मावशी तीस वर्षं इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप दुरुस्त करत होती. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्यांत वीज उमटते आणि स्पीकर बोलू लागतो.

एकदा एक नावाजलेला वादक मुकी गिटार घेऊन आला. मावशीने पिकअपचं झाकण काढलं. आत घाम, सांडलेली दारू आणि केसांचा चिकट लगदा होता. तांबं हिरवं पडून तुटलं होतं.

"शी! हे वाद्य आहे की मोरी?"

"मावशी, स्टेजवर असंच चालतं," तो हसला.

"आधी स्वतःच्या हाताने पुसून आणा. मगच वेढे घालीन."

तो धुसफुसत गेला आणि दोन दिवसांनी गिटार लख्ख करून आला. मावशीने नवे वेढे घातले, आवाज खणखणीत आला. तो गेल्यावर मात्र तिने टेबल तीनदा पुसलं.